भिंतीवरचा डायनोसॉर चुकीचा आहे. पुसायचा का?

पिवळी_छत्री

गेल्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत, कनेटिकटमधल्या न्यू हेवनला जाणं झालं. तिथल्या येल विद्यापीठाचं पीबडी संग्रहालय २०२० मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं, ते थेट मार्च २०२४ मध्ये उघडलं. बंद होण्याआधीची दोन वर्षं मी तिथे विद्यार्थिनी होते. हिवाळ्यात उबेला जाऊन बसायची जागा म्हणून डायनोसॉरचं दालन मला पाठ होतं. थोडा अंधार, धुळीचा वास आणि मधोमध तो लांबलचक ब्रॉन्टोसॉरस. १९३१ साली उभा केलेला. शेपूट जमिनीवर टाकून, दिवसभर औत ओढून आल्यासारखा.

आता गेले तर शेपूट वर! सगळा सांगाडा सुटा करून कॅनडातल्या एका कार्यशाळेत नेला, हाडं साफ केली आणि नव्या ठेवणीत पुन्हा उभा केला. शेपूट हवेत, मान वळलेली, कुणीतरी हाक मारली म्हणून बघतोय अशी. प्राणी तोच, पण ओळख पटायला मला दोन मिनिटं लागली.

खरा घोळ पुढे आहे. सांगाड्यामागच्या भिंतीवर रूडॉल्फ झॅलिंगरचं 'सरीसृपांचं युग' हे भित्तिचित्र आहे. ११० फूट लांब, १६ फूट उंच. १९४२ मध्ये तयारी सुरू झाली आणि १९४७ मध्ये चित्र संपलं. त्यातला ब्रॉन्टोसॉरस डबक्यात उभा आहे, कारण एवढं धूड जमिनीवर स्वतःचं वजन पेलूच शकणार नाही असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं. टी-रेक्स तर कांगारूसारखा ताठ उभा, शेपटीचा आधार घेतलेला. सगळे कसे सुस्त, जडशीळ.

म्हणजे आता एकाच दालनात एक ब्रॉन्टोसॉरस कोरड्यावर शेपूट उचलून उभा आहे आणि त्याच्या मागे दुसरा ऐंशी वर्षं पाण्यात बसलाय. शेजारचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "एवढे पैसे घातले, मग हे चित्रपण नवीन करायचं की."

तेव्हा मला राग आला होता. पण हॉटेलवर आल्यावर विचार करत बसले. हाडांची चूक सुधारली तर चित्राची का नाही? चित्र 'कला' म्हणून सुटतं का? तुम्ही असता तर काय केलं असतं?

(जाताजाता: प्रवेश आता सगळ्यांना फुकट आहे. माझ्या वेळी बाहेरच्यांना तिकीट होतं.)

वाचनमात्र

फोटो दिसत नाहीयेत.

पिवळी_छत्री

टाकलेच नाहीत हो. ११० फूट माझ्या फोनमध्ये मावत नाही.

गिलावा

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतच आयुष्य गेलं, म्हणून भिंतीच्या बाजूने बोलतो.

हे चित्र कॅनव्हासवर नाही. 'फ्रेस्को सेको' म्हणजे कोरड्या गिलाव्यावर केलेलं काम, रंग थेट भिंतीवर. त्यामुळे 'काढून दुसरीकडे लावू' हा पर्याय व्यवहारात जवळजवळ नसतोच. भिंत आहे तर चित्र आहे. अशा इमारतीत काम करताना भिंतीला कंपन मोजणारी उपकरणं लावतात, पलीकडे यंत्र चाललं आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की काम थांबतं. ठेकेदाराचा जीव मेटाकुटीला येतो. शिवाय दमटपणा. चार वर्षं इमारत उघडीवाघडी असताना एका खोलीतली हवा स्थिर ठेवायची म्हणजे इमारतीच्या आत दुसरी इमारत चालवायची.

>> हाडांची चूक सुधारली तर चित्राची का नाही? <<

सांगाड्याची मांडणी हे एक विधान असतं. हाडं मूळची, पण ती कशी जोडायची हे माणसाने ठरवलेलं. मांडणी बदलली तरी हाडं शाबूत राहतात. चित्रात मात्र विधान हीच मूळ वस्तू आहे. ते बदललं की हातात काहीच उरत नाही.

आणि या संग्रहालयाला पाडापाडीचा अनुभव चांगलाच आहे. १८६६ साली जॉर्ज पीबडीने दीड लाख डॉलर दिले, १८७६ मध्ये पहिली इमारत उघडली. ती १९१७ मध्ये चक्क पाडली, कारण विद्यापीठाला त्या जागेवर विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी मोठा चौक बांधायचा होता. तेवढ्यात पहिलं महायुद्ध आणि त्यानंतरची टंचाई. सगळा संग्रह खोक्यांत आणि तळघरांत पडून राहिला, तो १९२५ च्या डिसेंबरात आताची इमारत खुली होईपर्यंत. त्यामानाने आताची चार वर्षं म्हणजे काहीच नाही.

आताच्या कामातलं मला सर्वांत आवडलेलं: त्यांनी जुनी इमारत फुगवली नाही. शेजारी विद्यापीठाचीच एक नवी इमारत होती, या दोहोंच्या मधली मोकळी जागा काचेने झाकून चार मजली दालन केलं. जुनी बाहेरची भिंत आता आतली भिंत झाली. प्रदर्शनाची जागा साधारण दीडपट झाली आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला गॉथिक चेहरा जसाच्या तसा. वाढवायचं आणि वाढवलंय असं दिसू द्यायचं नाही, हे भल्याभल्यांना जमत नाही.

खडूस_काका

वा. म्हणजे शेपूट उचलायला १६ कोटी डॉलर.

देणगीदाराने तेवढे दिले हे बातम्यांत वाचलं होतं. ठीक आहे, त्याचे पैसे. पण काचेचं उंच दालन कशासाठी असतं हे काय आम्हाला कळत नाही का? संध्याकाळी गोल टेबलं मांडून मेजवान्या देता येतात. विज्ञानाला उंच छत लागत नाही, विज्ञानाला पगार लागतात. त्या पैशात किती संशोधक किती वर्षं पोसले असते?

चित्राबद्दल म्हणाल तर राहू द्या. ते फुकट आहे.

पिवळी_छत्री

काका, त्या उंच दालनात टेबलं नव्हती हो, निदान मी गेले तेव्हा. वर आर्केलॉन टांगलाय. माहीत असलेल्या कासवांमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि त्याच्यामागे तोंड वासून टायलोसॉरस. दोघेही समुद्रातले, त्यामुळे खाली उभं राहिलं की आपण तळाशी आहोत असं वाटतं. या कासवाला मागचा उजवा पाय नाही. तो कुणीतरी जिवंतपणीच तोडला असावा असं मानतात.

खडूस_काका

बरं. कासवाला माफ केलं.

पेटीतला_भुंगा

एरवी नुसती वाचत असते, पण खडूस_काकांनी पगाराचा विषय काढला म्हणून लिहिते. मी एका (हे नव्हे) विद्यापीठाच्या संग्रहालयात काम करते. माझं काम दालनात दिसत नाही.

पीबडीकडे सुमारे १ कोटी ४० लाख नमुने आणि वस्तू आहेत. मांडलेलं त्यातलं चिमूटभर. बाकीचं कपाटांत, ड्रॉवरांत, बरण्यांत. त्यामुळे 'नूतनीकरण' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डायनोसॉर येतो आणि आमच्या डोळ्यांसमोर येतात त्या गोष्टी अशा:

दमटपणा. काही जीवाश्मांत पायराइट असतं, ते सोनेरी दिसणारं लोखंडाचं खनिज. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ते ऑक्सिजनशी क्रिया करून आतल्या आत आम्ल तयार करतं. दहा कोटी वर्षं टिकलेलं हाड काही वर्षांत भुकटी होऊन ड्रॉवरमध्ये सापडतं, आणि खालची चिठ्ठीसुद्धा आम्लाने खाल्लेली. जुन्या इमारतींत उन्हाळ्यात खिडक्या उघडायची पद्धत होती. काय होत असेल कल्पना करा.

विष. जुने पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी किडू नयेत म्हणून आतून आर्सेनिकचा साबण लावत. हे अगदी विसाव्या शतकातही चालू होतं. त्यामुळे काचेमागचं जुनं अस्वल हलवायचं म्हटलं की आधी त्याची तपासणी, मग हातमोजे, मास्क, आणि मगच त्याला हात.

किडे. माझं टोपणनाव उगाच नाही. डर्मेस्टिड नावाचे भुंगे कातडी, पिसं, वाळलेले कीटक सगळं फस्त करतात. गंमत म्हणजे याच कुळातले भुंगे आम्ही मुद्दाम पाळतो, सांगाडे साफ करायला. मांस खाऊन हाड लख्ख करून देतात, माणसाच्या हातून होणार नाही इतकं सुबक. एका खोलीत पगारी नोकर, दुसऱ्या खोलीत दरोडेखोर. दोन खोल्यांमधलं अंतर ठरवणं हा इमारतीच्या आराखड्यातला खराखुरा मुद्दा असतो! नवीन आलेली प्रत्येक वस्तू आधी कडक थंडीच्या फ्रीजरमध्ये जाते ती यासाठीच.

आणि बरण्या. मासे, साप, बेडूक अल्कोहोलमध्ये ठेवलेले असतात. साधारण ७० टक्के इथेनॉल. हजारो लिटर. अग्निशमनवाल्यांच्या दृष्टीने ते संग्रहालय नसून गोदाम आहे, आणि ते बरोबरच आहे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. आमच्याकडे अशीच हलवाहलव चालू होती तेव्हा मी शिंपल्यांचा एक ट्रे तिरका धरला. फुटलं काही नाही. पण अकरा शिंपले आणि अकरा चिठ्ठ्या वेगवेगळ्या झाल्या. कुठे सापडलं, कधी, कुणाला, हे चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी गेली की तो शिंपला समुद्रकिनाऱ्यावरच्या कुठल्याही शिंपल्यासारखा. जुन्या नोंदवह्या आणि मापं घेऊन मी तीन आठवडे बसले. नऊ जुळले. दोन अजून एका डबीत आहेत, 'अनिश्चित' असं लिहून, माझ्या अक्षरात.

चित्र पुसायचं का, याचं माझं उत्तर त्या डबीत आहे. त्या दोन चिठ्ठ्या मी टाकून दिल्या असत्या तर ट्रे नीटनेटका दिसला असता.

गिलावा

भुंगाताई, दंडवत. या प्रतिसादाचा वेगळा धागा करा.

वाचनमात्र

+१

गूगलपंडित

पण मुळात ब्रॉन्टोसॉरस नावाचा प्राणीच नव्हता ना? तो अपॅटोसॉरस होता, आणि त्याला डोकं दुसऱ्याच प्राण्याचं लावलं होतं. शाळेत असताना वाचलेलं. मग पाटीवर अजून ब्रॉन्टोसॉरस का?

अस्थिपंजर

शाळा सोडून बराच काळ झालेला दिसतोय :) क्रमाने घ्या.

ऑथ्नील चार्ल्स मार्श हा येलमधला जीवाश्मशास्त्रज्ञ. जॉर्ज पीबडीचा सख्खा भाचा. वर गिलावांनी सांगितलेले दीड लाख डॉलर आले ते भाच्याने मामाच्या मागे लकडा लावला म्हणून. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड कोपशी त्याचं हाडवैर होतं (शब्दशः!), कोण जास्त नवीन प्राणी शोधतो याची शर्यत. त्या घाईत मार्शने १८७७ मध्ये अपॅटोसॉरस आणि १८७९ मध्ये वायोमिंगमधून आलेल्या हाडांना ब्रॉन्टोसॉरस अशी नावं दिली. १९०३ मध्ये एल्मर रिग्जने दाखवलं की दोघे एकाच प्रजातिगटातले आहेत. नियमाप्रमाणे आधीचं नाव राहतं, म्हणून ब्रॉन्टोसॉरस बाद. लोकांनी मात्र बाद केलं नाही.

डोक्याचं तुमचं बरोबर. या प्राण्याचं डोकं धडासोबत सापडलं नव्हतं, म्हणून कॅमॅरासॉरससारखं आखूड, बोथट डोकं लावलं गेलं. येलच्या सांगाड्याचं डोकं १९८१ मध्ये बदललं.

आणि २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासात शेकडो बारकावे पुन्हा मोजले गेले, तेव्हा ब्रॉन्टोसॉरस वेगळा धरावा इतका फरक निघाला. सगळ्यांना ते मान्य नाही, पण नाव परत आलंय. म्हणजे हा प्राणी नावाने आला, गेला, पुन्हा आला, मध्ये डोकं बदललं, आता शेपूट. एवढ्या शस्त्रक्रिया आमच्या कुळात कुणाच्या झाल्या नाहीत.

गूगलपंडित

ओके, २०१५ चं माहीत नव्हतं. मागे घेतो.

अस्थिपंजर

अजून एक, मूळ प्रश्नाशी संबंधित. ते चित्र चुकीचं ठरवलं कुणी? १९६४ मध्ये मोंटानात जॉन ऑस्ट्रॉमला एक लहानखुरा, चपळ, पायाला विळ्यासारखी नखी असलेला शिकारी सापडला. १९६९ मध्ये त्याने त्याचं डायनोनिकस म्हणून वर्णन प्रसिद्ध केलं. असा प्राणी सुस्त, थंड रक्ताचा असेल कसा, हा प्रश्न तिथून पेटला. पुढे पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज, ही जुनी बाजूला पडलेली कल्पनाही त्यानेच पुराव्यानिशी पुढे आणली.

हा ऑस्ट्रॉम येलचा प्राध्यापक. आणि याच पीबडी संग्रहालयाचा क्युरेटर.

चित्राखालून रोज ये-जा करणाऱ्या माणसाने चित्र खोटं पाडलं. आणि पुसलं नाही!

पिवळी_छत्री

अस्थिपंजर, हे मला माहीत असायला हवं होतं. दोन वर्षं त्याच डायनोनिकससमोर बसून डबा खाल्लाय. (नियमाविरुद्ध. भुंगाताई, माफ करा. भुंग्यांना खायला घातलं नाही.)

दोन_मुलांची_आई

मी तज्ज्ञ वगैरे नाही. आम्ही कनेटिकटमध्येच राहतो. संग्रहालय उघडल्यावर आतापर्यंत पाच वेळा गेलो, फुकट असल्यामुळे 'तासभर जाऊन येऊ' असं जाता येतं. तिकीट असतं तेव्हा पैसे वसूल होईपर्यंत मुलांना फरपटवत फिरवायची सवय असते, ती गेली. एकदा तर आम्ही फक्त डायोरामे बघितले. मागे रंगवलेलं आकाश, पुढे खरी पानं आणि पेंढा भरलेले प्राणी. मागची भिंत वक्र असते म्हणे, तरी क्षितिज कुठेही वाकडं वाटत नाही. ते कसं साधतात कुणी सांगेल का?

तर मुद्दा. धाकटी सात वर्षांची. तिने चित्र बघितलं, सांगाडा बघितला, पुन्हा चित्र बघितलं आणि विचारलं, "दोघांमधलं कोण खोटं बोलतंय?"

मी नेहमीचं सांगितलं, की आधी लोकांना तसं वाटायचं, मग नवी माहिती मिळाली. ती गप्प. मग म्हणाली, "मग हे हाडांचं पण नंतर चुकीचं निघेल?"

मी म्हटलं, निघू शकेल. तिला हे भयंकर आवडलं. घरी येऊन तिने ब्रॉन्टोसॉरस काढला, मानेवर झुलीसारखी पिसं आणि जांभळे ठिपके. म्हणे पुढच्या वेळचा मी आधीच काढून ठेवते.

चित्र पुसलेलं असतं तर हा प्रश्न तिला पडलाच नसता, एवढंच मला कळतं.

अस्थिपंजर

डायोरामाच्या प्रश्नाचं थोडक्यात: पीबडीतले बरेच देखावे जेम्स पेरी विल्सनने रंगवलेत. मुळात वास्तुविशारद. त्याने आधी निसर्गातल्या दृश्यावर एक चौकटींची जाळी बसवली आणि बघणारा जिथे उभा राहील तिथून पाहून तीच जाळी वक्र भिंतीवर उतरवली. भिंतीवर चौकटी वाकड्या येतात, पण तुमच्या डोळ्याला सरळ दिसतात. एका जागेवरून हलून बाजूला गेलात तर फसवणूक थोडी उघडी पडते. पुढच्या वेळी धाकटीला करून बघायला सांगा.

टॉवरवरची_पाकोळी

ऑक्सफर्डहून लिहितेय. आमच्याकडचं विद्यापीठ संग्रहालय पीबडीच्या आताच्या इमारतीपेक्षा जुनं, १८६० चं. त्याचं दुखणं वेगळं होतं. छत.

सगळं छत काचेचं. सुरुवातीला घडीव लोखंडाचा सांगाडा केला, तो काचेचं वजनच पेलेना. म्हणून तो उतरवून ओतीव लोखंडाचा केला. म्हणजे उघडण्याआधीच पहिली दुरुस्ती. पुढे दीडशे वर्षं ते छत गळत राहिलं. पाऊस आला की खाली बादल्या.

शेवटी २०१३ मध्ये संग्रहालय वर्षभर बंद करून साधारण ८,५०० काचा एकेक काढल्या, धुतल्या आणि सांधे भरून परत बसवल्या. नवीन नाही, त्याच. फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडल्यावर लोक आत येऊन म्हणायचे, "केलं काय वर्षभर? सगळं तसंच तर आहे." तिथल्या एका कर्मचाऱ्याला मी हे सांगितलं तर तो इतका खूश झाला की विचारू नका.

त्या वर्षात छताखाली टांगलेले देवमाशांचे सांगाडेही साफ करून घेतले. देवमाशाच्या हाडांत तेल असतं आणि ते शंभर वर्षांनंतरही झिरपत राहतं. वर धूळ चिकटून काळा चिकट थर झाला होता. सौम्य अमोनियाने पुसून काढला. खडूस_काका, यासाठी खरोखर उंच छत लागतं बरं का.

अर्धवट गोष्टी जपण्याबद्दल: इथल्या खांबांच्या माथ्यांवर आयरिश कारागिरांनी पानंफुलं कोरलीत. विद्यापीठाच्या बागेतून ताजी झाडं आणून, समोर ठेवून. मध्येच पैसे संपले. काही दगड कोरायचे राहिले ते राहिलेच, आजही कोरे ठोकळे दिसतात. दुरुस्तीच्या वेळी 'आता हेही करून टाकू' असा मोह झाला असेल नसेल, पण ठोकळे आहेत.

आणि माझं नाव. संग्रहालयाच्या मनोऱ्यात पाकोळ्या घरटी करतात, १९४८ पासून त्यांचा अभ्यास चालू आहे. इथे कुठलंही काम काढायचं तर या भाडेकरूंचाही विचार करावा लागतो.

पेटीतला_भुंगा

पाकोळीताई, तुमच्याकडचा डोडो राहिला! जगात डोडो या नामशेष पक्ष्याचा मऊ भाग टिकलाय तो फक्त त्या एकाच नमुन्यात. शतकानुशतकं लोकांना वाटायचं की तो पाळलेला पक्षी होता, नैसर्गिक मरण आलं. २०१८ मध्ये सीटी स्कॅन केलं तर कवटीच्या मागच्या बाजूत शिशाचे छर्रे. मागून गोळी घातलेली.

सतराव्या शतकात ज्याने तो ठेवला त्याला सीटी स्कॅन माहीत असायचं कारण नाही. कपाटं, हवा, आर्द्रता यांवर पैसे का घालायचे हे मला विचारणाऱ्यांना मी हाच डोडो दाखवते.

टॉवरवरची_पाकोळी

त्याला मी कशी विसरले! रविवारी जाऊन माफी मागते.

ओझे_परतीचे

जपण्याबद्दल सगळे बोलताहेत, परत देण्याबद्दलही कुणी बोलावं म्हणून. येलच्या हायरम बिंगहॅमने १९११-१२ च्या मोहिमांत पेरूतल्या माचू पिचू या जुन्या इंका नगरीतून आणलेल्या वस्तू आणि मानवी अस्थी जवळजवळ शंभर वर्षं पीबडीकडे होत्या. पेरू मागत राहिला, प्रकरण अमेरिकन न्यायालयात गेलं, रस्त्यावर निदर्शनं झाली. २०१० मध्ये करार झाला आणि २०१२ पर्यंत सगळं पेरूतल्या कूस्को शहरात परत गेलं. तिथे आता दोन विद्यापीठांनी मिळून चालवलेलं केंद्र आहे.

नवी दालनं आखताना मांडायला काय आहे याइतकंच काय आपलं नाही, हेही ठरवावं लागतं. काचेच्या छताच्या फोटोंत हे येत नाही.

खडूस_काका

हे माहीत नव्हतं. चांगली भर.

भुंगाताई, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. देणगीदार दिसणाऱ्या गोष्टींना पैसे देतात, नावाची पाटी लागते अशा. तुमच्या फ्रीजरवर कुणी पाटी लावून घेत नाही. भुंगे आणि चिठ्ठ्या यांच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं लागतात, आणि ती कपातीच्या वेळी पहिली जातात.

पेटीतला_भुंगा

काका, यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. आमच्याकडे नव्या कपाटांना निधी मिळाला आणि त्याच वर्षी ती कपाटं लावणारी जागा गोठवली.

फक्त एवढंच की तुमच्या १६ कोटींतले निम्मे आमच्या फ्रीजरला मिळाले असते तरी फ्रीजर ठेवायला कोरडी खोली लागतेच. इमारत गळत असेल तर पगारी माणूस बादली धरून उभा राहतो. मी उभी राहिलेय.

गिलावा

>> चित्रपण नवीन करायचं की <<

यावरून आठवलं. चित्र बघायला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, ते उजवीकडून डावीकडे वाचायचं आहे. उजव्या टोकाला सर्वांत जुना, डेव्होनियन काळ, डाव्या टोकाला क्रिटेशियस काळाचा, म्हणजे डायनोसॉरांच्या युगाचा शेवट आणि मागे धुमसणारे ज्वालामुखी. झॅलिंगरला आधी वेगवेगळे चौकोन करायला सांगणार होते, त्याने सबंध भिंतीवर एकच सलग दृश्य केलं आणि काळ बदलतो तिथे पुढे एक मोठं झाड उभं केलं. तीस कोटींहून अधिक वर्षं आणि मध्ये एकही रेघ नाही. चुकीच्या शेपट्यांसकट हे काम दुसऱ्या कुणाला पुन्हा जमेल असं वाटत नाही.

वाचनमात्र

तो झॅलिंगर म्हणजे माकडापासून माणसापर्यंत रांगेत चालत जाणाऱ्या प्रसिद्ध चित्राचा?

अस्थिपंजर

तोच, १९६५. तेही चित्र गैरसमज पसरवणारं म्हणून गाजलं. उत्क्रांती अशी एका रांगेत होत नाही. माणसाचं नशीबच तसं, दोन चित्रं जगभर गेली आणि दोन्हींवर तज्ज्ञांनी लाल पेन चालवलं.

पिवळी_छत्री

सगळ्यांचे आभार. धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं.

मला त्या गृहस्थांचा राग का आला होता ते आता कळलं. माझ्या आठवणीतला ब्रॉन्टोसॉरस तर त्या लोकांनी आधीच काढून टाकला होता. खाली टेकलेली शेपूट गेली, अंधार गेला, धुळीचा वास गेला. तिथल्या बदलाला माझी अजिबात हरकत नव्हती असं मी मूळ लेखात भासवलं, पण होती. चित्र तेवढं उरलं होतं, आणि त्यालाही कुणी हात लावायचं म्हणाल्यावर मी भांडायला उठले. यात विज्ञान काही नाही.

दोन_मुलांची_आई, जांभळ्या ठिपक्यांच्या ब्रॉन्टोसॉरसचा फोटो टाकाच.

दोन_मुलांची_आई

कलाकाराने परवानगी नाकारली आहे. पिसं अजून पूर्ण झालेली नाहीत.

खडूस_काका

(धागा वर काढतोय.)

मुलीकडे आलो होतो, तिचं घर तिथून दीड तासावर. तिनेच नेलं. फुकट होतं म्हणून गेलो, हे आधी स्पष्ट करतो.

शेपूट छान उचलली आहे. कासव बघितलं, पाय नाही हे खरं. काचेच्या दालनात एकही टेबल नव्हतं, पण दुपार होती, संध्याकाळचं मी सांगू शकत नाही.

चित्रासमोर बाकावर बसलो, उठलो आणि टोकापासून टोकापर्यंत सावकाश चालत गेलो. ज्वालामुखी, मग टी-रेक्स, मग तुमचा तो डबक्यातला, मग पाठीवर शीड असलेला, आणि शेवटी दलदल. हे प्राणी दर पावलाला लहान आणि ओबडधोबड का होत चाललेत याचा विचार करत होतो. गाडीत बसल्यावर मुलीने सांगितलं की मी उलटा गेलो.

गिलावांनी इथे स्पष्ट लिहिलं होतं. वाचलंही होतं.